सेसिल टेलर ऐकायचा तर आधी त्याच्या शेजारच्याला ऐका

मी संवादिनीवर साथ करतो. नाशिकला राहतो आणि ख्यालाची बैठक असो की नाट्यगीतांची, बोलावणं आलं की पेटी घेऊन जातो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना आणि मैफलीनंतर गप्पांना थांबणाऱ्या रसिकांना मी सेसिल टेलर या अमेरिकन जॅझ पियानोवादकाबद्दल इतकं सांगतो की त्यातले काही जण घरी जाऊन यूट्यूबवर काहीतरी लावतात. मग फोन येतो. ‘सर, हा माणूस नुसता पियानो बडवतोय. यात काय ऐकायचं?’

प्रश्न रास्त आहे. 1970 नंतरची एखादी तासाभराची एकल मैफल आधी लावली तर आपल्या कानाला धरायला काहीच मिळत नाही. ताल नाही, सम नाही, गुणगुणता येईल अशी धून नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच वाट सांगतो. टेलरकडे थेट जाऊ नका. त्याच्या शेजारी जो वाजवतोय त्याला आधी धरा. टेलरची साठ वर्षांची कारकीर्द ही शेजारी बदलत गेल्याची गोष्ट आहे, आणि प्रत्येक शेजाऱ्याने त्याच्या हातून वेगळं काहीतरी काढून घेतलेलं आहे. साथ करणाऱ्याला हे लवकर ऐकू येतं. पण ज्याने कधी वाद्याला हात लावला नाही त्यालाही येईल.

आधी थोडी तयारी. मोबाइलच्या स्पीकरवर टेलर ऐकू नका. त्याच्या संगीतातलं अर्धं संभाषण डावा हात अगदी खालच्या सप्तकांत करत असतो, आणि मोबाइलच्या स्पीकरमधून ते खालचे स्वर गळूनच जातात. उरतो तो वरचा खणखणाट, आणि मग ‘बडवतोय’ असंच वाटणार. हेडफोन घ्या, नाहीतर बऱ्यापैकी मोठे स्पीकर. त्याला पुढे बोसेनडॉर्फर कंपनीचा 97 पट्ट्यांचा पियानो प्रिय झाला. नेहमीच्या पियानोला 88 पट्ट्या असतात, आणि या पियानोच्या जादा नऊ पट्ट्या सगळ्या खालच्या टोकाला असतात. त्या जागेत त्याला काम होतं म्हणूनच तो पियानो त्याला हवा असायचा.

दुसरं, एका बैठकीत एकच रचना ऐका. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना नको. आणि समेची वाट पाहू नका. आपला कान आवर्तन मोजायला बसतो, सम सापडली नाही की वैतागतो. ती सवय थोडा वेळ बाजूला ठेवा आणि वाक्य कुठे सुरू होतं, कुठे संपतं, त्याला उत्तर कोण देतं, एवढंच बघा.

सुरुवात करा 1956 पासून. टेलर न्यू यॉर्कचा, जन्म 25 मार्च 1929 चा. आईने लहानपणीच पियानोला बसवलं. पुढे न्यू यॉर्क कॉलेज ऑफ म्युझिक आणि मग बॉस्टनचं न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी. तिथे बार्टोक आणि स्ट्राविन्स्की हे विसाव्या शतकातले पाश्चात्त्य अभिजात संगीतकार पचवले, आणि डोक्यात ड्यूक एलिंग्टन, थेलोनियस मंक हे जॅझ पियानोवादक आधीपासून होतेच. पहिली तबकडी ‘जॅझ अ‍ॅडव्हान्स’ 1956 च्या सप्टेंबरात बॉस्टनला मुद्रित झाली. त्यातली मंकची ‘बेम्शा स्विंग’ काढा. तीन माणसं: पियानोवर टेलर, बासवर (म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर) ब्यूल नाइडलिंगर, ड्रमवर डेनिस चार्ल्स.

पहिल्यांदा फक्त बास ऐका. चार-चार मात्रांचे सोळा बार, पुन्हा पुन्हा. चार बारांची एक ओळ, तीच पुन्हा, मग तीच ओळ मध्यमाला षड्ज मानून वर सरकते, आणि परत मूळ जागी येते. पेटीवर वाजवून पाहा, लगेच हाताला बसेल. नाइडलिंगर आणि चार्ल्स हा हिशेब सोडत नाहीत. आता दुसऱ्यांदा ऐकताना हिशेब मनात चालू ठेवून पियानोकडे जा. टेलर ओळीच्या मध्येच बोटं थांबवतो, नको तिथे स्वरांचा गठ्ठा टाकतो, बासच्या चालीला आडवा जातो. पण ओळ कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत आहे. हे एकदा कळलं की पुढे तो काहीही करू दे, हा मनुष्य अंदाधुंद वाजवत नाही एवढा भरवसा बसतो. तो भरवसा आधी हवा. मी कुणालाही या तबकडीआधी दुसरं काही लावून देत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस न्यू यॉर्कच्या बॉवरीजवळच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये त्याच्या चौकडीला काम मिळालं आणि चित्रकार, कवी तिथे गर्दी करू लागले. 1957 मध्ये न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात हजेरी झाली. यानंतर गाडी सुरळीत चालायला हवी होती, पण नाही चालली. क्लबमालकांना दारू खपेल असं संगीत हवं होतं आणि टेलरचे श्रोते पेला हातात धरून नुसते ऐकत बसत. त्याने हॉटेलात भांडी घासली. कार्यक्रम नसत तेव्हा घरीच, समोर श्रोते बसलेत असं समजून पूर्ण मैफल वाजवायचा.

हे मुद्दाम सांगतोय, कारण त्याच्या तबकड्यांची यादी पाहून कारकीर्द मोजायला जाल तर चुकाल. 1962 च्या नोव्हेंबरनंतर 1966 पर्यंत त्याची एकही नवी तबकडी मुद्रित झाली नाही. यादीतली ती रिकामी जागा मुद्रण कुणी केलं नाही म्हणून आहे. वाजवणं चालूच होतं, आणि 1962 चा टेलर आणि 1966 चा टेलर पाठोपाठ ऐकलात तर मधल्या काळात किती मजल मारली ते लख्ख ऐकू येतं.

1962 चा म्हणजे कोपनहेगनचा. तिथल्या ‘कॅफे मॉन्मार्त्र’मध्ये 23 नोव्हेंबरला तिघांनी वाजवलं: टेलर, ड्रमवर सनी मरे आणि अल्टो सॅक्सोफोनवर जिमी लायन्स. बास नाही. ‘बेम्शा स्विंग’मध्ये ज्याचं बोट धरून आपण चाललो होतो तोच इथे गेलाय. आणि मरेने ठेका धरणं सोडून दिलंय. झांजांची एक अखंड लहर तो चालू ठेवतो, ती कधी दाटते, कधी विरते, पण मात्रा मोजून देत नाही. इथे ‘व्हॉट्स न्यू’ ही जुनी लोकप्रिय धून ऐका. लायन्स तिचा माग दाखवत राहतो, म्हणून घाबरायला होत नाही.

आता या लायन्सजवळ थांबू. माझ्या लेखी सगळ्या शेजाऱ्यांत तो पहिला. 1931 चा जन्म, टेलरपेक्षा दोन-अडीच वर्षांनी लहान. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो टेलरकडे आला आणि 1986 मध्ये फुप्फुसांच्या कर्करोगाने जाईपर्यंत, म्हणजे पाव शतक, त्याच्याबरोबर राहिला. स्वतःच्या नावाने कमी वाजलं, कमी छापलं गेलं. वळण आधीच्या पिढीतल्या अल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं. वाक्य सुबक, श्वास घेऊन सोडलेलं, शेवटाला नेमकं टेकलेलं. टेलरच्या भोवती एवढा भडिमार चालू असताना लायन्स एकदाही ओरडून त्याच्यावर मात करायला जात नाही. आपलं वाक्य पूर्ण करतो. साथसंगतीत आयुष्य काढलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

तो नीट ऐकायचा तो ‘कॉन्किस्टाडोर!’मध्ये. ऑक्टोबर 1966, न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, ब्लू नोट कंपनी. तबकडीच्या दोन बाजूंना दोनच रचना, अठरा-एकोणीस मिनिटांची एकेक. ट्रम्पेटवर बिल डिक्सन, बासवर हेन्री ग्राइम्स आणि अ‍ॅलन सिल्व्हा असे दोघं, ड्रमवर अँड्र्यू सिरिल. पहिली बाजू लावा आणि ती एकदाच ऐकून सोडू नका. मी मुलांकडून हे असं करून घेतो.

पहिल्या खेपेला फक्त लायन्स. तो वाजवत असेल तेव्हा पियानो कानाआड टाका, जमेल तेवढा. त्याचं वाक्य कुठे संपतं तिथे बोट टेकवा.

दुसऱ्या खेपेला लायन्स वाजवत असतानाचा पियानो ऐका. ही खरी मेजवानी. जॅझमधला पियानोवादक एरवी सॅक्सोफोनच्या मागे मोजके स्वरमेळ टाकत राहतो. टेलर तसं करत नाही. लायन्सच्या वाक्याचं शेपूट तो उचलतो, उलटं करतो, दोन सप्तकं खाली नेतो, आणि लायन्सने पुढचा श्वास घ्यायच्या आत ते त्याच्यापुढे ठेवतो. आम्ही पेटीवाले गायकाची तान संपली की शेवटच्या दोन-तीन स्वरांची जागा घेतो, तेव्हा आमचं काम गायकाला विसावा देण्याचं असतं. टेलरचं काम लायन्सला विसावा न देण्याचं आहे. आणि लायन्सला ते हवंय, हे त्याच्या पुढच्या वाक्यात ऐकू येतं, कारण त्यात टेलरने दिलेलं काहीतरी असतंच.

तिसऱ्या खेपेला सिरिल आणि दोन बास. सिल्व्हा बो घेऊन बासच्या वरच्या टोकाला वाजवतो, इतका वर की क्षणभर दुसरं कुठलं तंतुवाद्य आहे असं वाटावं. ग्राइम्स खाली. आणि डिक्सन ट्रम्पेट घेऊन येतो तेव्हा सगळ्यांचं तापमान कसं उतरतं ते बघा. डिक्सन कमी स्वर लावतो, लांब ठेवतो, आणि टेलरही बदलतो. शेजारी बदलला की टेलर बदलतो, याचा यापेक्षा उघड पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

याच वर्षी मे महिन्यात झालेली ‘युनिट स्ट्रक्चर्स’ यानंतर ऐका, आधी नको. ती जास्त गुंतागुंतीची आहे आणि टेलरने तिच्यासोबत लिहिलेला निबंध तर कवितेसारखा वाचावा लागतो. त्या निबंधातला कामाचा भाग असा की रचनेचे टप्पे त्याने स्वतः सांगितलेत: ‘अ‍ॅनाक्रूसिस’ म्हणजे उठावणी, ‘प्लेन’ म्हणजे जिथे मांडलेली सामग्री वादकांच्या हातून वाढते तो टप्पा, आणि ‘एरिया’, जिथे ती खुली होते. नावातलं ‘युनिट’ हेच सगळ्याचं मूळ. चार-पाच स्वरांचा एखादा घटक, त्याची फिरवाफिरव. तालमीतही तो छापील स्वरलिपी हातात ठेवत नसे. पियानोवर तुकडा वाजवायचा, किंवा स्वरांची नुसती अक्षरं सांगायचा, आणि वादकांनी तो कानाने उचलायचा, हवं तर स्वतःच्या हाताने लिहून घ्यायचा. कागदावरून वाचणारा माणूस कागदाकडे बघतो, कानाने शिकलेला माणूस शेजाऱ्याकडे. समोर बसून बंदिश घेणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं अध्यापनाची. विस्कॉन्सिन विद्यापीठ, मग ओहायोतलं अँटिऑक कॉलेज. तिथेच 1973 मध्ये ‘इन्डेंट’ ही एकल मैफल झाली, जी त्याने स्वतःच्या ‘युनिट कोअर’ नावाखाली काढली. त्याच वर्षी गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. मग युरोपातले महोत्सव त्याला बोलावू लागले.

एकल टेलर ऐकायची वेळ आता आलीय. शेजारी कुणी नाही, मग धरायचं कुणाला? डाव्या हाताला. एकल वादनात टेलरचा डावा हात हाच त्याचा शेजारी. खाली एक वाक्य पडतं, बहुधा दोन्ही हातांनी सप्तकाच्या अंतराने जोडून, थोडा थांबा, आणि वरून त्याला उत्तर येतं, कधी बोटांनी, कधी तळव्याने, कधी मुठीने आणि हाताच्या कोपरापर्यंतच्या भागाने. हे प्रश्नोत्तर ओळखू आलं की एक तास जड जात नाही.

त्यासाठी ‘सायलेंट टंग्ज’ घ्या. 2 जुलै 1974, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. रचना पाच भागांची, पण तुम्ही शेवटून सुरू करा. मुख्य मैफल संपल्यावर श्रोत्यांच्या आग्रहाखातर त्याने दोन छोटे तुकडे वाजवले, ‘जिटनी नंबर 2’ आणि ‘आफ्टर ऑल नंबर 2’. काही मिनिटांचेच आहेत. आणि नावावरूनच कळेल की मुख्य रचनेतल्या तिसऱ्या आणि पाचव्या भागाचीच ही सामग्री. म्हणजे लांबलचक विस्ताराचा गाभा त्याने स्वतःच हातात दिलाय. हे तुकडे पाठ होईपर्यंत ऐका, गुणगुणता नाही आले तरी त्यांची चढउतार हाताने हवेत काढता येईल इथपर्यंत. मग पहिल्यापासून लावा. ‘जिटनी’ येईल तेव्हा ओळखीचा चेहरा दिसेल. एकल टेलरच्या दारातून आत जायची यापेक्षा सोपी पायरी मला तरी ठाऊक नाही.

जमलं तर त्याची चित्रफीतही पाहा. तो सरळ येऊन बाकावर बसत नसे. पुष्कळदा पडद्याआडून आवाज येई, स्वतःच्या कवितेतले शब्द, अर्धे उच्चार, मग नाचत, पावलं टाकत पियानोपर्यंत येई. नर्तक हवेत घेतो ती झेप पियानोवर घेण्याचा आपला प्रयत्न असतो, असं तो सांगत असे. 1979 मध्ये बॅले नर्तक मिखाइल बारिश्निकोव्हच्या नृत्यासाठी त्याने संगीत केलं ते उगाच नव्हे. हात पट्टीवर पडायच्या आधी किती उंचावरून येतो ते पाहिलंत की स्वरांमधली अंतरं का तशी आहेत ते कळतं.

आता दोन मैफली, दोन्ही थोरांबरोबरच्या, आणि मी त्या पाठोपाठ ऐकायला सांगतो. पहिली 17 एप्रिल 1977, कार्नेगी हॉल, ‘एम्ब्रेस्ड’ नावाने निघालेली. दोन पियानो. दुसऱ्यावर मेरी लू विल्यम्स, 1910 चा जन्म, जॅझच्या जवळजवळ प्रत्येक कालखंडात वाजवलेली थोर वादक आणि संगीतकार. तिच्या मनात जॅझचा इतिहास क्रमाने मांडायचा होता. टेलर त्यात मावला नाही. ती ब्लूज मांडते, खालून डाव्या हाताने चाल धरते, आणि टेलर तिच्यावरून वाहत जातो. दुसऱ्या सत्रात बॉब क्रॅनशॉ आणि मिकी रोकर बास-ड्रम घेऊन येतात तेव्हाही दोन पियानो एकमेकांच्या वाटेला येत नाहीत. या मैफलीची बाजू घेणारे आहेत, त्यातल्या ताणात सौंदर्य आहे असं ते म्हणतात. मला नाही पटत. समोरच्याने जागा मागितली आणि ती दिली गेली नाही, हे मला त्यात सतत ऐकू येतं, आणि विल्यम्सच्या बाजूने वाईट वाटतं. पण ऐकायलाच हवी, कारण टेलरला प्रत्येक शेजारी पेलला असं समजून चालायला नको.

दुसरी 15 डिसेंबर 1979, कोलंबिया विद्यापीठ. ड्रमवर मॅक्स रोच. दोघं आधी एकेकटे थोडा वेळ वाजवतात, मग दोघं मिळून दोन दीर्घ भाग. रोच बीबॉपच्या, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या वेगवान जॅझच्या, जन्मापासूनचा, ठेक्याची सगळी व्याकरणं हातात असलेला. तो टेलरशी स्पर्धा करत नाही आणि त्याला सोडूनही देत नाही. पियानोवर गठ्ठे पडतात तेव्हा तो कातड्यावर तेवढाच स्पष्ट घाट उभा करतो, आणि टेलर थांबून ऐकतो. हो, थांबतो. टेलर शेजाऱ्याला ऐकताना ऐकायचा असेल तर ही मैफल. टेलरच्या पियानोला ‘सुरात लावलेले 88 ढोल’ म्हणतात, ते इथे सगळ्यात जास्त पटतं, कारण शेजारी खरे ड्रम आहेत.

आता लायन्स गेल्यानंतरची गोष्ट. 1988 च्या उन्हाळ्यात बर्लिनने त्याला महिनाभर बोलावलं, युरोपातले मुक्त वादनातले मोठे वादक एकामागून एक त्याच्यासमोर बसवले, आणि त्यातून अकरा सीडींचा संच निघाला. नुसत्या ड्रमर्सबरोबरच्या जुगलबंद्याच पाच: हान बेनिंक, टोनी ऑक्सली, लुइस मोहोलो, ग्युंटर झॉमर, पॉल लोव्हेन्स. एवढं सगळं ऐकायची गरज नाही. ऑक्सलीबरोबरची घ्या. धातूचे बारीक, कोरडे आवाज, जागा भरपूर, आणि टेलर साठीच्या उंबरठ्यावर अचानक हलका झालेला. पुढे बासवादक विल्यम पार्कर आणि ऑक्सली यांच्याबरोबर त्याने ‘फील ट्रिओ’ केला. 1990 ला अमेरिकेचा एनईए जॅझ मास्टर हा सन्मान, 1991 ला मॅकआर्थर फेलोशिप, 2013 ला जपानचा क्योटो पुरस्कार. भांडी घासलेल्या माणसाकडे हे सारं उशिरा आलं, पण आलं. 2016 मध्ये न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने त्याच्या कामावर अख्खा मजला दिला, तेव्हा त्याने तिथे वाजवलंही, शेजारी पुन्हा ऑक्सली. 5 एप्रिल 2018 रोजी ब्रुकलिनमधल्या घरी तो गेला, वयाच्या 89 व्या वर्षी.

ज्यांना ऐकण्यापुढे जाऊन हाताने काही करून बघायचंय त्यांच्यासाठी शेवटचं. कीबोर्ड असेल तर चार स्वरांचा एक तुकडा घ्या, कुठल्याही रागातला नको. डाव्या हाताने खाली वाजवा, थांबा, उजव्या हाताने वर उत्तर द्या. उत्तरात चारांपैकी निदान दोन स्वर तेच हवेत. ठेका लावू नका, पण थांबा किती घेतला याकडे नीट लक्ष द्या. पेटीवाल्यांना एकट्याने हे जमणार नाही, कारण आपला डावा हात भात्यावर अडकलेला. म्हणून दोघं बसा, दोन पेट्या समोरासमोर. एकाने मंद्रातच राहायचं, दुसऱ्याने तारसप्तक सोडायचं नाही. समोरच्याचं वाक्य संपलं असं वाटलं तरी लगेच उचलू नका, त्याचा भाता थांबलाय का बघा. दहा मिनिटांनी जागा बदला, खालच्याने वर जायचं, वरच्याने खाली. माझ्याकडची मुलं हे शनिवारी करतात आणि त्यानंतर मी ‘कॉन्किस्टाडोर!’ची दुसरी बाजू लावतो.